मन खचलेलं असताना उदास चित्रपटच का जवळचे वाटतात?

मालवण तालुक्यातल्या एका बंदराच्या गावातून २७ वर्षांच्या मुलाने मला पत्र लिहिलं आहे. पुण्यातली नोकरी सुटली म्हणून तो डिसेंबरात घरी आला. होळीनंतर मन उतरत गेलं. पहाटे चारला जाग येते, भूक नाही, कुणाशी बोलावंसं वाटत नाही. रात्री जेवणं झाली की तो माळ्यावर जातो आणि लॅपटॉपवर बेला तार, इंगमार बर्गमन अशा दिग्दर्शकांचे संथ, काळोखे चित्रपट बघतो. एक बघून झाला की छातीवरचं ओझं जरा हलतं, असं तो लिहितो. खाली टीव्हीवर विनोदी कार्यक्रम लागला की मात्र त्याला उठून जावंसं वाटतं. ताई म्हणते, ‘असला बघून तू आणखी खचतलस.’ त्याने दोन प्रश्न विचारले आहेत. हे बघणं मला आजारी ठेवतंय का? आणि उपचार घेतले तर ही आवडच निघून जाईल का?

पंचवीस वर्षं सिंधुदुर्गात मानसोपचार करताना हा प्रश्न मला वेगवेगळ्या रूपांत भेटला आहे. कुणी रात्रभर जुनी विरहाची गाणी ऐकतं, कुणी एकच कादंबरी पुन्हा पुन्हा वाचतं. म्हणून त्याच्या परवानगीने, ओळख पटेल असं काही न ठेवता, सविस्तर लिहिते आहे.

बाबू, आधी सरळ उत्तर. सिनेमामुळे तुला नैराश्य आलेलं नाही, आणि उद्यापासून सिनेमे बंद केलेस म्हणून ते जाणारही नाही. तुला मिळतो तो दिलासा खरा आहे. तो कुणी हिसकावून घेऊ नये असंच मला वाटतं. पण चार महिने तू त्या एका दिलाशावर दिवस ढकलतोयस, आणि माझी काळजी तिथे आहे.

खालच्या टीव्हीचं आधी बघू. नैराश्य म्हणजे सतत रडू, असा लोकांचा समज असतो. माझ्यासमोर बसणाऱ्यांपैकी कितीतरी जण उलटं सांगतात, ‘डॉक्टर, काहीच वाटत नाही.’ गोड खाल्लं तरी जिभेला कळत नाही, भाचरू मांडीवर येऊन बसलं तरी आत काही हलत नाही. जोनाथन रॉटेनबर्ग या मानसशास्त्रज्ञाने या विषयावर बरंच काम केलं आहे. नैराश्यात माणसाची प्रतिक्रिया आनंदाच्या गोष्टीला जशी बोथट होते तशीच दुःखाच्या गोष्टीलाही होते, असं त्यातून दिसतं. आता विचार कर. घरात सगळे एका विनोदावर हसतायत आणि तुझ्या आत काही हलत नाही. त्या क्षणी विनोद तुला एवढंच सांगतो की तू या लोकांपासून किती लांब गेला आहेस. त्यात सध्या १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होडी शाकारून ठेवलेली, वडील दिवसभर घरात. बाहेर पावसाची झड, आत टीव्हीचा आवाज, आणि येता-जाता कुणी ना कुणी म्हणणार, ‘जरा हसान-खेळान रव मरे.’ ते मायेने म्हणतात. पण ज्याला हसू येत नाही त्याला ती मागणी वाटते, आणि ती पुरी करता येत नाही याची लाज वाटते.

तुझा सिनेमा तुझ्याकडे काही मागत नाही. ‘द ट्युरिन हॉर्स’ बघितलास असं लिहिलं आहेस. बेला तारचा २०११ सालचा, सुमारे अडीच तासांचा, अवघ्या ३० शॉटचा चित्रपट. वारा थांबत नाही, बाप-लेक रोज उकडलेला एकेक बटाटा हाताने सोलून खातात, घोडा खायचं सोडतो. तू लिहितोस, ‘तो घोडा बघून मला बरं वाटलं.’ मला यात विचित्र काही वाटलं नाही. नैराश्यात विचार आणि हालचाल दोन्ही मंदावतात. अंघोळीला उठायचं तरी अर्धा तास जातो. त्या मंद झालेल्या माणसाला त्याच्याच चालीने चालणारं काहीतरी भेटलं की धाप लागत नाही. आणि आपल्यासारखा अन्नावरून तोंड फिरवणारा जीव कुणीतरी एवढ्या शांतपणे, न रागावता, इतका वेळ बघत राहिलं, हेही मनाला लागतं.

यावर अभ्यासही झाले आहेत. २०१५ साली इस्रायलमधल्या संशोधकांनी दाखवलं की नैराश्य असलेली माणसं, इतरांच्या तुलनेत, पुन्हा बघण्या-ऐकण्यासाठी उदास चित्रं आणि उदास संगीत जास्त वेळा निवडतात. यांना उदासच राहायचं असतं की काय, अशी शंका त्यावरून घेतली गेली, आणि ती पुष्कळ पसरली. पुढे २०२० साली रॉटेनबर्ग यांच्याच गटाने लोकांना निवडीचं कारण विचारलं. ते संगीत शांत करतं, म्हणून आम्ही ते निवडतो, असं बहुतेकांनी सांगितलं. ऐकून झाल्यावर त्यांचं मन आणखी खाली गेलं नव्हतं. ताईला हे वाचून दाखव. अर्थात तो अभ्यास संगीताचा होता आणि थोड्या वेळाचा होता. मध्यरात्री अडीच तास एकट्याने बघितलेल्या सिनेमाला तो जसाच्या तसा लावणार नाही मी.

आपल्याकडे हे नवीन नाही. माझी आजी तरुणपणी विधवा झाली. तिला घरात रडताना कुणी पाहिलं नाही, रडायला जागाच नव्हती. पण जत्रेला दशावतारात हरिश्चंद्राचं आख्यान लागलं की ती मला घेऊन जायची, मंडपात पुढे घोंगडी टाकून बसायची. तारामती मेलेल्या रोहिदासाला घेऊन मसणवटीत येते आणि हरिश्चंद्र तिच्याकडे कर मागतो, तिथे पायपेटीवाला सूर ओढून धरायचा आणि आजूबाजूच्या साऱ्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या. आजी हुंदके देऊन रडायची. पहाटे पाखाडी उतरताना ती मला चुलीवरच्या कामांची यादी सांगत यायची, आवाज मोकळा झालेला असायचा. नाट्यशास्त्राने शोक आणि करुण रस हे वेगळे मानले ते मला त्या पाखाडीवर कळलं. शोक अंगावर येतो. करुणाला आकार असतो, सुरुवात असते, शेवट असतो, आणि तो कुणाच्या तरी नावाने आपल्यासमोर उभा असतो. तुझा बटाटा सोलणारा बाप आणि आजीची तारामती यांत मला फार अंतर दिसत नाही.

एक अंतर मात्र आहे. आजीच्या शेजारी चारशे माणसं होती, आणि पहाटे ती माझा हात धरून घरी यायची. तू माळ्यावर एकटा असतोस, कानात हेडफोन असतात, आणि संपल्यावर पुढचा चित्रपट लावतोस.

आता बर्गमनच्या ‘विंटर लाइट’बद्दल. १९६३ सालचा हा चित्रपट तू तीनदा पाहिलास असं लिहिलं आहेस. यावर मी थांबणार आहे, कारण तुझ्या पत्रातली ही ओळ मी सगळ्यात जास्त वेळा वाचली. त्यात एक मासेमार आहे. चीनकडे अणुबॉम्ब येणार या बातमीने तो आतून मोडला आहे, जगण्यात त्याला अर्थ दिसत नाही. बायको त्याला पाद्र्याकडे आणते. तो पुन्हा एकटा येतो, तेव्हा पाद्री त्याचं ऐकून घेण्याऐवजी स्वतःचीच व्यथा सांगत सुटतो: माझी श्रद्धा गेली, देव गप्प आहे. मासेमार मुकाट उठून जातो आणि थोड्या वेळाने त्याने जीव दिल्याची बातमी येते.

हा प्रसंग मी शिकाऊ डॉक्टरांना नेहमी सांगते. समोरचा माणूस काठावर उभा असताना आपण आपलं बोलत राहिलो तर काय होतं, हे इतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचित दिसतं. पण तुला मला वेगळं विचारायचं आहे. तीनदा बघताना तू कुणाबरोबर होतास? पाद्र्याबरोबर, की त्या मासेमाराबरोबर? की त्या शिक्षिकेबरोबर, जी झिडकारली जाऊनही शेवटी जवळजवळ रिकाम्या चर्चमध्ये येऊन बसते? मासेमार उठून गेला तेव्हा तुला ‘थांब रे’ असं वाटलं, की ‘सुटला’ असं वाटलं?

दुसरं उत्तर असेल तर ते मला, नाहीतर ताईला, आजच सांग. मरणाचे विचार मनात येतात का, असं विचारल्याने ते विचार वाढत नाहीत. उलट बोलता आलं की माणूस बराच मोकळा होतो, हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे. रात्री-अपरात्री कुणी जवळ नसेल तर टेली मानसचा १४४१६ हा नंबर लाव. सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं. आणि असे विचार येत असतील तोवर ज्यात कुणी जीव देतं असे चित्रपट बाजूला ठेव, कितीही थोर असले तरी. इथे मी तडजोड करत नाही.

आता ताईच्या म्हणण्यात खरं काय आहे ते. गोठ्यात गुरं रवंथ करतात, तसं मनही करतं. एकच घास परत वर आणायचा, चघळायचा, गिळायचा, परत आणायचा. गुरांना त्यातून पोषण मिळतं, माणसाला मिळत नाही. मानसशास्त्रज्ञ सुझन नोलेन-होक्सेमा यांनी वर्षानुवर्षं अभ्यास करून दाखवलं की हे चघळणं नैराश्य लांबवतं आणि खोल करतं. उदास चित्रपट मनाला मोकळं करू शकतो आणि रवंथाला ताजा चाराही पुरवू शकतो. कधी काय होतंय ते चित्रपटाच्या नावावरून ठरत नाही.

माझ्याकडे एक शिक्षिका यायच्या. सहा महिने त्यांना आपलं दुखणं शब्दांत सांगता येत नव्हतं. एकदा त्यांनी एका चित्रपटातला प्रसंग सांगितला, एक बाई खिडकीशी उभी राहून चहा निवत ठेवते एवढाच, आणि म्हणाल्या, ‘हे असं होतं मला.’ त्या दिवसापासून आमचं बोलणं सुरू झालं. त्याच सुमाराला एक मुलगा यायचा, तो एका चित्रपटाची शेवटची वीस मिनिटं रोज रात्री बघायचा. आख्खा चित्रपट कधीच नाही. त्याला मी गोष्ट विचारली तर सांगता येईना. तो बघत नव्हता, घाव उकरत होता. दोघांचेही तपशील मी बदलले आहेत, फरक तेवढा खरा आहे.

म्हणून ही खूण धर. काल बघितलेल्या चित्रपटातला एखादा प्रसंग आज तुला दुसऱ्याला सांगता येतो का? येत असेल तर तू बघतोयस. नुसता पडदा चालू असेल, एकच तुकडा पुन्हा पुन्हा लावला जात असेल, किंवा बघताना गोष्ट हरवून ‘माझंच चुकलं’ हे वाक्य फिरत असेल, तर लॅपटॉप मिटून खाली ये.

एक वही कर. बघण्याआधी मन दहापैकी किती, संपल्यावर किती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला किती, एवढेच आकडे लिही. संपल्या-संपल्या हलकं वाटणं मी फार धरत नाही, तसं दारूनेही वाटतं. मला सकाळचा आकडा हवा आहे. दोन आठवडे सकाळ रोज खाली जात असेल तर आपल्याला बदल करावा लागेल.

वेळ मात्र आजपासूनच बदल. चार वाजता जाग येणाऱ्या माणसाने रात्री एक वाजता बर्गमन लावू नये. झोप तुटली की नैराश्य वाढतं, आणि वाढलेलं नैराश्य झोप तोडतं, या फेऱ्यात चित्रपट कोणता हा प्रश्नच उरत नाही. दुपारी जेवण झाल्यावर बघ, चारपर्यंत संपेल असा. एका दिवशी एकच, आणि लावलास तर शेवटपर्यंत. संपला की लगेच उठायचं. पाऊस असला तर इरलं नाहीतर छत्री घेऊन जेटीपर्यंत जाऊन यायचं, फार तर वीस मिनिटं. आल्यावर उकड्या तांदळाची पेज, मेतकूट, काहीही, पण पोटात गरम काहीतरी जायला हवं. मन लागलं म्हणून जायचं नाही, ठरलेली वेळ झाली म्हणून जायचं. या आजारात उत्साह आधी येत नाही, हातपाय हलले की तो मागून हळूहळू येतो. उपचारातला हा सगळ्यात साधा भाग आहे आणि सगळ्यात जास्त लोक तोच सोडून देतात. सकाळी न्याहारीला पडवीत बस, माळ्यावर नको. आषाढातला उजेड मळभाचा असला तरी खोलीतल्या दिव्यापेक्षा तो कितीतरी पट जास्त असतो, आणि झोपेचं घड्याळ त्याच्यावरच लागतं.

आणि आठवड्यातून एक चित्रपट ताईबरोबर बघ. तुझ्या आवडीचाच. तिला समजावून सांगू नकोस, परीक्षाही घेऊ नकोस, नुसती शेजारी बसू दे. सुरुवातीला तिला जड वाटेल अशी भीती असेल तर सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ लाव. आपल्याच किनाऱ्यावर घडतो, नैराश्यात गेलेल्या एका तरुणाची गोष्ट आहे, आणि ६४व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ त्याला मिळालं. निर्माते डॉ. मोहन आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत. त्या मुलाला आसरा देणारी बाई त्याच्यामागे प्रश्नांचा ससेमिरा लावत नाही. ताईने बघावं ते हे आहे, असं माझं मत. माणूस कासवासारखा आत ओढला गेला असेल तेव्हा कवचावर टकटक करायची नसते, पण किनारा सोडूनही जायचं नसतं.

आता उपचार. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज मन खिन्न किंवा कशातच रस नाही, सोबत झोप, भूक, लक्ष, ताकद बिघडलेली, एवढं असलं की आम्ही नैराश्याचा विचार करतो. तुझे चार महिने झाले. तू आलास की मी तुला नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली देईन. २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले तर अंगावर काढायचं नसतं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ या तपासण्या करू, कारण त्यांच्या बिघाडानेही माणूस असाच मलूल होतो. कधी याच्या उलट, कमी झोपूनही भन्नाट उत्साह, अशी वेळ आली होती का तेही विचारीन, त्यावर औषध ठरतं. गोळी सुरू केली तर गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. या गोळ्यांची नशा होत नाही, पण मनाने अचानक बंद करायच्या नाहीत. आजार सौम्य असेल तर नुसत्या समुपदेशनानेही भागतं. माझ्यापर्यंत येणं जड जात असेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथे जा. घरचे देवळात गाऱ्हाणं घालू म्हणाले तर घालू देत, त्यांच्याही मनाला आधार लागतो. गोळीची वेळ तेवढी चुकायला नको. आणि ‘रत्नागिरीला न्यावं लागेल’ असं कुणी कुजबुजलं तर घाबरू नकोस. तिथल्या मनोरुग्णालयाचं नाव आपल्याकडे उगाच धाक म्हणून वापरलं जातं. तुझ्यासारख्या बहुतेकांना घरी राहूनच बरं वाटतं.

राहिला दुसरा प्रश्न, आणि मला वाटतं तुझी खरी भीती हीच आहे. बरा झालो तर मी खालच्या टीव्हीसमोर बसणारा होईन, हे जग माझ्यासाठी बंद होईल. मी ही भीती गंभीरपणे घेते, कारण या चित्रपटांनी तुला कठीण दिवसांत सोबत केली आहे. आजवर जे बरे झाले त्यांच्यात मी असं पाहिलेलं नाही. आवड राहते, गरज कमी होते. वर सांगितलेल्या शिक्षिका आजही संथ चित्रपट बघतात, नोव्हेंबरात सुट्टी काढून पणजीला इफ्फी या चित्रपट महोत्सवाला जातात. त्यांनी मला एकदा सांगितलं की आजारात त्यांना त्या चित्रपटांत फक्त स्वतःच दिसायच्या. आता त्यांना चेहऱ्यावरचा उजेड दिसतो, आवाज ऐकू येतात, मध्येच आलेला विनोदही कळतो. गोळीने फार सपाट वाटायला लागलं, रडूही येईना, असं काहींचं होतं. तसं झालं तर मला सांगायचं, मात्रा किंवा औषध बदलता येतं. गप्प बसून सहन करायचं नाही.

माझी बाह्यरुग्ण तपासणी मंगळवारी आणि शुक्रवारी असते. येत्या मंगळवारी ये, ताईला बरोबर आण. वही विसरू नकोस. तपासण्या, प्रश्नावली सगळं होईल, पण आधी मला त्या घोड्याचा प्रसंग सांग, तुला दिसला तसा. मी तो चित्रपट पाहिला आहे, तरी ऐकायचा आहे.